व्हर्लिन टॅकेटचा गुडघा

"हे तुम्हांला पटायचं नाही," अशी सुरुवात करून व्हर्लिन टॅकेटनं आजवर जे जे सांगितलं, ते खरोखरच कुणाला पटलेलं नाही. त्यात गावाची काही चूक नव्हती. त्यानं नदीतून काढलेला मांगूर दरवर्षी वीतभर वाढायचा. मासा तळून खाल्ल्याला तेवीस वर्षं झाली, तरी त्याची वाढ थांबली नव्हती. एका वर्षी अस्वलानं त्याच्या पिकअपमध्ये बसून हॉर्न वाजवला. पुढच्या वर्षी तेच अस्वल गाडी मागं घ्यायला शिकलं. दर शुक्रवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये मासे तळले जात, तेव्हा लोक ताटं घेऊन व्हर्लिनच्याच टेबलाभोवती जमत. केंटकीच्या त्या डोंगरात थाप मारण्याला कुणी पाप मानत नाही. रटाळ थाप मारण्याला मानतात.

पण गुडघ्याची ही गोष्ट त्यानं सांगायला घेतली, तेव्हा पहिल्यांदाच त्यात थोडं खरं होतं. नेमकं तेच कुणाला पटलं नाही.

मुळात घोळ असा होता, की जगात सगळीकडे एकाचे दहा करणारा हा माणूस डॉक्टरसमोर उभा राहिला की दहाचा एक करायचा. तरुणपणी तीन वर्षं तो पॅराशूट पलटणीत होता. शेचाळीस वेळा विमानातून उडी मारली होती. त्या पलटणीत बुटाचे बंद बांधायला शिकवायच्या आधी एक गोष्ट शिकवत. कुणी विचारलं, 'कसा आहेस?' की उत्तर एकच, 'ठणठणीत, सर!' मग हाड मोडलेलं असो, नाहीतर डोळा सुजून बटाट्याएवढा झालेला असो. पलटण सुटून पंचेचाळीस वर्षं झाली, पण उत्तर काही सुटलं नव्हतं.

उजवा गुडघा मात्र मुळीच ठणठणीत नव्हता. वाकवला की तो जुन्या फाटकासारखा करकरायचा. त्यातून टॅकेटांचं घर डोंगराच्या कुशीत, रस्त्यापासून चौतीस दगडी पायऱ्या वर. फेब्रुवारीत त्या पायऱ्यांवर बर्फ धरलं आणि व्हर्लिन विसाव्या पायरीवरून दुसऱ्या पायरीपर्यंत बसल्या बसल्या आला. शेजाऱ्यांना त्यानं सांगितलं, की घसरगुंडीचा जिल्ह्यातला विक्रम मोडला. बायकोनं, ओना मेनं, मात्र गुपचूप लेकीला फोन लावला.

लेक ओहायोत, कोलंबसला राहायची. तिच्या घराला तळघर होतं, तळघरात एक खोली होती, खोलीला एक खिडकी होती आणि त्या खिडकीतून शेजाऱ्याच्या गाडीची चाकं दिसत. "पुढचं बर्फ पडायच्या आत दोघंही इकडं या," लेकीनं निक्षून सांगितलं. जावई नौदलातून निवृत्त झालेला. पॅराशूटवाले विमानातून का उड्या मारतात, तर वैमानिकालाही त्यांचा सहवास नको असतो म्हणून, हा त्याचा आवडता विनोद. तो दर जेवणाला सांगायचा.

"मला त्या तळघरात मरायचं नाही," ओना मे दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःपुरतं अंडं तव्यावर फोडत म्हणाली. व्हर्लिन अंडं खात नसे. पोटाला बाधतं म्हणायचा. "मी माझ्या पडवीत बसून समोरचा डोंगर बघत मरणार. तेव्हा पायऱ्यांच्या कडेनं ती रुळावरून वर जाणारी खुर्ची बसवून घे. माजी सैनिकांची कचेरी बसवून देते. हॉलमधला डॉइल म्हणत होता."

"खुर्ची कशाला? मी ठण..."

"ठणठणीत म्हणालास, तर हा तवा तुझ्या डोक्यात घालीन."

हॉलमध्ये कागदपत्रांचं काम डॉइल प्रेटर बघायचा. लष्करात तो कारकून होता. शत्रूला तो कधी भ्याला नव्हता, कारण शत्रू त्याच्या टेबलापर्यंत कधी आलाच नाही. पण चुकीच्या रकान्यात पडलेली फुली बघून त्याला घाम फुटायचा. गुडघा नोकरीत असताना दुखावला, एवढं माजी सैनिकांच्या कचेरीनं मान्य केलं की खुर्ची मंजूर, असं त्यानं समजावून सांगितलं.

"फक्त कसा दुखावला, ते लिहायचं."

"पॅराशूट," व्हर्लिन म्हणाला.

"पॅराशूटचं काय?"

"काय म्हणजे? पॅराशूट माहीत नाही तुला?"

"अरे, कुठल्या उडीत? कुठं? कशावर आपटलास?"

"डॉइल, शेचाळीस उड्या मारल्या मी. सगळ्या वरून खालीच होत्या. लिही पॅराशूट."

डॉइलनं लिहिलं. मग लष्करातली जुनी फाईल मागवली. ती यायला तीन महिने लागले. त्यात त्या काळातलं दवाखान्याचं एकच पान होतं आणि पानावर एकच ओळ होती: 'जवान लंगडत आला. विचारलं असता ठणठणीत म्हणाला. परत पाठवला.'

ओना मेनं ती ओळ दोनदा वाचली आणि नवऱ्याकडं असं पाहिलं, की व्हर्लिन उगाचच बाहेर जाऊन लाकडं फोडायला लागला. एका पायावर.

कचेरीनं तपासणीला बोलावलं ते दोन तासांच्या रस्त्यावर, शहरात. वेळ दहाची होती. व्हर्लिन आठला जाऊन बसला. बूट असे चकाकत होते, की त्यांत बघून दाढी करावी. नाव पुकारलं तसा तो ताडकन उभा राहिला. उजव्या गुडघ्यातून कळ निघाली ती थेट कानापर्यंत गेली. पण चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"कसे आहात, मिस्टर टॅकेट?" डॉक्टरांनी विचारलं.

"ठणठणीत, सर!"

डॉक्टरांनी गुडघा वाकवला. फाटक करकरलं. व्हर्लिनच्या कपाळावरून घामाचा ओघळ नाकाच्या शेंड्यावर आला आणि तिथून डॉक्टरांच्या कागदावर पडला.

"दुखतंय?"

"नाही, सर. गरम होतंय."

"एक ते दहामध्ये किती दुखतं, सांगाल?"

व्हर्लिननं विचार केला. एक म्हणावं तर खोटं, आणि तीन म्हणजे रडगाणं. "दोन, सर. पावसाळी हवेत."

इथंही निभावलं असतं. पण तेवढ्यात डॉक्टर तपासायचं टेबल खिडकीकडं सरकवायला गेले आणि ते हलेना. डॉक्टर बिचारे काडीपहिलवान. आता समोर माणूस ओझ्याशी झटतोय आणि आपण बसून राहायचं, हे पलटणीतल्या कुणाला जमलं आहे? व्हर्लिननं टेबल उचललं. खिडकीपाशी ठेवलं. वर विचारलं, "कपाटही हलवायचंय का, सर?"

ते हलवायचं होतं.

नकाराचं पत्र दोन महिन्यांनी आलं. ओना मेनं ते स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचलं. "'अर्जदार वेदना नाकारतो. अर्जदारानं तपासणीदरम्यान एक टेबल आणि एक लोखंडी कपाट एकट्यानं हलवलं.' कपाट, व्हर्लिन? *कपाट?*"

"रिकामं होतं गं."

"आणि घरी आलास तेव्हा गाडीतून तुला मी आणि शेजारच्या पोरीनं ओढून काढलं! चार दिवस न्हाणीघराला जाताना माझ्या खांद्याला लोंबकळत होतास! ते नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही."

त्या दिवसापासून ओना मेनं घरात तालीम सुरू केली. सकाळ-संध्याकाळ. ती टेबलाच्या एका बाजूला लाटणं घेऊन बसायची, व्हर्लिन दुसऱ्या बाजूला.

"कसा आहेस?"

"ठण..." लाटणं. "बरा..." लाटणं. "म्हणजे तसं काही फारसं..." लाटणं.

तीन आठवड्यांनी त्याच्या तोंडून 'दुखतं' हा शब्द बाहेर पडला. दाढ उपटताना माणूस करतो तसा चेहरा झाला होता, पण शब्द पडला. ओना मेनं आनंदानं सफरचंदाचा केक भाजला.

डॉइलनं फेरअर्ज भरला आणि म्हणाला, "आता साक्षीची पत्रं जोडू. तुझा गुडघा कसा दुखावला हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी शपथेवर लिहून द्यायचं. पण मला आधी दाखवा हं."

दाखवायला वेळ कुणाला होता? ऑगस्ट लागला होता. डॉइलकडं एक कागद गेला की तो नाताळपर्यंत त्यातले स्वल्पविराम मोजत बसतो, हे ओना मेला ठाऊक होतं. तिनं हॉलमधल्या तिघा जुन्या मित्रांना परस्पर सांगितलं: लिहा, सही करा, टपालपेटीत टाका. तिघंही शब्दाला जागणारे. तिघांनीही, देवाला स्मरून, व्हर्लिननं त्यांना जे सांगितलं होतं ते जसंच्या तसं लिहिलं.

इथं घात झाला.

दुसऱ्या तपासणीला तरुण डॉक्टरीणबाई होत्या. "कसे आहात?" असं त्यांनी विचारताच व्हर्लिननं डोळे मिटले, लाटणं आठवलं आणि ओरडला, "दुखतं, मॅडम!" शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं. सुरुवात झकास झाली होती. मग बाईंनी समोरची तीन पत्रं उघडली.

"मिस्टर टॅकेट, एक शंका होती. या पत्रात म्हटलंय, तुम्ही कॅरोलिनात डुकरांच्या गोठ्यावर पडलात आणि सतरा डुकरं घेऊन बाहेर आलात."

"होय... म्हणजे, असं ते म्हणतात, मॅडम."

"या दुसऱ्या पत्रात तुम्ही जनरलसाहेबांच्या मोटारीच्या टपावर उतरलात. मोटार चालू होती. साहेब आत होते."

व्हर्लिन छताकडं बघू लागला.

"आणि हे मिस्टर बर्ल स्टॅम्पर. हे लिहितात, की तुम्ही चर्चच्या मनोऱ्याच्या टोकाला अडकलात, आणि प्रार्थना संपेपर्यंत पाद्रीबाबांनी तुम्हांला खाली उतरवलं नाही." बाईंनी चष्मा काढला. "तिन्ही एकाच दिवशीचं आहे. गोठा, मोटार आणि मनोरा."

व्हर्लिननं खूप विचार केला. शेवटी म्हणाला, "वारा होता, मॅडम."

या वेळचं पत्र जाड होतं. अर्जदारानं जातीनं सुनावणीला हजर राहावं. साक्षीदारांनी शपथेवर परस्परविरोधी निवेदनं केली असल्यानं त्यांच्यावर काय कारवाई करायची, आणि त्यांचे स्वतःचे चालू अर्ज ग्राह्य धरायचे की नाहीत, याचाही निर्णय तिथंच होईल.

संध्याकाळी बर्ल स्टॅम्पर चौतीस पायऱ्या चढून आला. तोफखान्यात असताना त्याचा डावा कान गेला होता. त्याच कानाचा अर्ज नऊ वर्षं कचेरीत होता. बर्ल दारातच उभा राहिला, टोपी हातात धरून.

"व्हर्लिन, माझा कान नऊ वर्षं त्या लोकांच्या टेबलावर पडलाय. मी रोज टपालपेटी उघडून बघतो. आता म्हणतात, फाईल बंद करू. मला एवढंच सांग, मनोरा खरा का नाही?"

"बर्ल, लेका... मनोरा होता."

"होता ना?"

"गावात होता. मी जरा लांब होतो."

बर्लनं टोपी डोक्यावर घातली आणि पायऱ्या उतरून गेला. तो शिव्या देऊन गेला असता तर व्हर्लिनला त्या रात्री झोप लागली असती.

सुनावणीच्या दिवशी ओना मे गाडी चालवत होती. उन्हाळा सरून डोंगर लाल-पिवळे झाले होते, पण व्हर्लिनचं लक्ष सगळं स्वतःच्या बुटांकडं.

"आता मला खरं काय ते सांग," ती म्हणाली. "आत जाऊन तोंडघशी पडण्याआधी."

"तू बाहेरच बस, ओना मे. आतल्या खुर्च्या कडक असतात."

"मला कुठली गोष्ट सांगितली होतीस, आठवतंय? चर्चच्या जेवणात. मी विचारलं होतं, लंगडतोस का. तू म्हणालास, मित्राचं पॅराशूट उघडलं नाही, त्याला हवेतच धरलं, आणि दोघांचं वजन एकट्याच्या गुडघ्यावर घेतलं."

व्हर्लिननं बुटाच्या टोकावरची नसलेली धूळ पुसली.

"त्यातलं मी निम्मं खरं धरलं होतं. निम्मं धरलं तरी लग्न करायला पुरे होतं."

डुकरं, मोटार, मनोरा यांचं काही नाही. पण ज्या गुडघ्यावर संसार उभा राहिला, त्या गुडघ्याची खरी गोष्ट या बाईसमोर सांगायची? त्यापेक्षा तळघर परवडलं. खिडकीतून निदान चाकं तरी दिसत.

"बाहेर बस गं," तो पुन्हा म्हणाला.

"सोड ते," ओना मे म्हणाली आणि आत जाऊन पहिल्याच खुर्चीवर पर्स मांडीत घेऊन बसली.

सुनावणी घेणाऱ्या बाई म्हणजे मिसेस लॅशली. साठीच्या, केस बारीक कापलेले. त्यांच्यासमोर तीन पत्रं, एक नकार आणि एक पिवळा पडलेला कागद उपडा ठेवलेला.

"मिस्टर टॅकेट, मी वीस वर्षं लष्कराच्या भांडारात काढली," त्या म्हणाल्या. "तिथं एक शिकले. माणसाचा कागद हरवतो, सामानाचा हरवत नाही. तुमच्या दवाखान्याच्या पानावर तारीख होती. त्या तारखेचे छावणीतले जेवढे कागद मिळाले, तेवढे मी मागवले. त्यातला एक हा आहे. तो उलटायच्या आधी तुम्ही सांगा. गुडघा कशानं गेला?"

व्हर्लिननं पिवळ्या कागदाच्या पाठीकडं पाहिलं.

"मित्रांना सोडून द्या, मॅडम," व्हर्लिन म्हणाला. "त्यांना जे ठाऊक होतं ते मीच सांगितलेलं. खोटं त्यांचं नाही, माझं आहे."

"गुडघा, मिस्टर टॅकेट."

"...पडलो."

"विमानातून?"

"ट्रकमधून."

"युद्धाच्या सरावात?"

"भटारखान्यामागं."

मागं पर्सचा चाप वाजला. व्हर्लिननं वळून पाहिलं नाही.

"ट्रक वेगात होता?"

"नाही, मॅडम. उभा होता."

"इंजिन चालू?"

"बंद."

"अंधार होता? पाऊस?"

"दुपारचे बारा. लख्ख ऊन."

"किती उंचीवरून पडलात?"

"मागच्या फाळक्यावरून." त्यानं हात जमिनीपासून मांडीपर्यंत नेला आणि तिथं ठेवला. "तीन फूट. सव्वातीन असेल."

"हातात काय होतं?"

व्हर्लिननं मान खाली घातली. "अंडी," तो म्हणाला. "बारा डझन. सार्जंटनं सांगितलं, उतरवून घे. मी मागं बघितलं नाही. पाय पडला तो हवेत. मॅडम, त्याच सकाळी मी बाराशे फुटांवरून उडी मारून आलो होतो! साधं खरचटलंसुद्धा नव्हतं! आणि अख्खी पलटण जेवायला रांगेत उभी होती. मी अंड्यांत बसलेलो. 'लागलं का?' म्हणून विचारलं. आता काय सांगणार? म्हटलं, ठणठणीत."

मिसेस लॅशलींनी पिवळा कागद उलटला आणि वाचला. "'भटारखान्याचे सार्जंट यांचा अहवाल. जवान टॅकेट हुकमाप्रमाणे सामान उतरवत असताना उभ्या ट्रकवरून पडला. अंडी अकरा डझन फुटली, एक डझन वाचली. उजवा गुडघा अंड्यांच्या पेटीवर आपटून पेटीही मोडली. पेटी बदलून मिळावी.'" त्यांनी वर पाहिलं. "तुमचा गुडघा यात आला आहे, तो पेटी कशी मोडली हे सांगण्यासाठी."

"होय, मॅडम."

"हुकमाप्रमाणे सामान उतरवत होता. म्हणजे नोकरीत होता. नियमात उंची लिहिलेली नाही, मिस्टर टॅकेट. अंड्यांना मनाई नाही. हे पहिल्याच दिवशी लिहिलं असतंत, तर माझ्याकडं यावंच लागलं नसतं."

"पॅराशूट पलटणीतला माणूस, मॅडम," व्हर्लिन कसनुसा म्हणाला. "उभ्या ट्रकवरून."

बाईंनी तिन्ही पत्रं एकत्र करून बाजूला सारली. "साक्षीदारांनी ऐकलं ते लिहिलं. त्यांच्या फायलींना हात लागणार नाही. आता शेवटचं. एक ते दहामध्ये किती दुखतं?"

"दो..." त्याच्या तोंडून निघालं, आणि मागून कुणी खाकरलं नाही, लाटणं आपटलं नाही, काहीच झालं नाही. ते काहीच न होणं त्याला फार लागलं. त्यानं पुन्हा तोंड उघडलं. "सात. पायऱ्यांवर आठ. सकाळी उठताना बायकोला कळू नये म्हणून मी उशी तोंडात धरतो."

घरी जाताना ओना मे चाळीस मैल समोरचा रस्ता बघत गाडी हाकत होती. व्हर्लिन दाराचं हँडल धरून बसला होता.

"अकरा डझन?" ती अचानक म्हणाली.

"एक डझन वाचली."

गाडी जरा डगमगली. तिनं ती रस्त्याकडेला घेतली, ब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून खदाखदा हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "म्हणून! म्हणून अंडं खात नाहीस होय रे! आणि मी बेचाळीस वर्षं तुझ्या पोटाला जपतेय!"

"रागावलीस?"

"रागावू? हवेत माणसं झेलणाऱ्याशी संसार केला असं वाटत होतं, तेव्हा मला मेलीला भीती वाटायची, की आपण त्याच्या तोडीच्या नाही." तिनं डोळे पुसले. "उशी नको धरू यापुढं. ती फाटलीय एका बाजूनं, मी म्हणत होते उंदीर."

अकराव्या दिवशी पाकीट आलं. तीनदा वाचून ओना मेनं डॉइलला बोलावलं. डॉइलनं ते उजेडात धरलं, शिक्का बोटानं घासून पाहिला आणि थरथरत्या आवाजात सांगितलं, की खरं आहे. गुडघा मान्य. खुर्ची मंजूर. नोव्हेंबरात बर्फ पडायच्या आत दोन माणसं आली आणि पायऱ्यांच्या कडेनं रूळ ठोकून गेली. लेकीनं तळघरात व्यायामाचं सामान लावलं.

पुढच्या शुक्रवारी हॉल गच्च भरला. खिडकीपलीकडं ओना मे मासे तळत होती. टेबलाभोवती सगळी जमली. बर्ल स्टॅम्परही आला, उजवा कान पुढं करून बसला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, पण मक्याचा पाव त्यानं व्हर्लिनच्या ताटातला उचलला, म्हणजे केलं होतं.

"हे तुम्हांला पटायचं नाही," व्हर्लिननं सुरुवात केली. "ट्रक होता ताशी साठ मैलांवर."

खिडकीत झारा जोरात आपटला. मग ओना मेनं पुढचा मासा कढईत सोडला.

"मागं तीनशे डझन अंडी. फाळका तुटला. मी एका हातानं ट्रक धरला आणि एका हातानं पेटी."

"बरोबर आहे," बर्ल म्हणाला. "सोडून कसं चालेल?"

"गुडघ्यावर घासत अर्धा मैल गेलो. ठिणग्या उडत होत्या. त्या ठिणग्यांवर मागची अंडी भाजत गेली. पलटण मागून धावत येऊन खात होती."

"मीठ कुठलं?" कुणीतरी विचारलं.

"घामाचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बर्लही डोलावत होता.

"सुनावणीला हे ऐकून त्या बाई उठून उभ्या राहिल्या. सलाम ठोकला. म्हणाल्या, मिस्टर टॅकेट, तुमच्यासाठी खुर्ची काय, रेल्वे टाकू डोंगरावर."

"टाकायलाच पाहिजे," बर्ल घास चावत म्हणाला.

"आणि मग," व्हर्लिन म्हणाला, "अकराव्या दिवशी कचेरीचं उत्तर आलं."

टेबलाभोवतीचे काटे-चमचे जागच्या जागी थांबले. बर्लनं हातातला पाव ताटात ठेवला. उजवा कान आणखी पुढं केला.

"किती?"

"अकरा दिवसांत."

बर्ल स्टॅम्पर खुर्ची मागं ढकलून उठला. त्यानं टेबलावर अशी मूठ आपटली, की कॉफीचे सगळे पेले हिंदकळले.

"खोटं!" तो गरजला. "साफ खोटं बोलतोस तू, व्हर्लिन टॅकेट!"